सागाखाली मोहा हुडकणारा

मित्रांनो, मला तुम्ही कधी पाहिलेलं नाही, आणि पुढेही पाहाल असं वाटत नाही. मला रंग नाही, वजन नाही, ठेवायला फळीसुद्धा लागत नाही. तरीही मी जुना आहे आणि खूप राबलेला आहे. कॉम्प्युटरमध्ये माहिती साठवायचं एक मोठं कोठार असतं, त्याला डेटाबेस म्हणतात. त्या कोठारातला मी एक लहानसा कामगार. आलेल्या मजकुरातली मोठी अक्षरं लहान करून द्यायची, एवढंच माझं काम.

तुम्ही विचाराल, अक्षरं कुठे लहान-मोठी असतात का? आपल्या मराठीत नसतात. आपला 'क' घरात 'क' आणि दुकानाच्या पाटीवरही 'क'च. इंग्रजीत मात्र प्रत्येक अक्षराचं एक थोरलं रूप असतं आणि एक धाकटं. माणसाचं त्यावाचून काही अडत नाही. एस.टी.च्या पाटीवर सावली गावाचं नाव थोरल्या अक्षरांत असो की धाकट्या, माणूस सावलीलाच उतरतो. कॉम्प्युटर बिचारा साधाभोळा. त्याला ती दोन वेगळी गावं वाटतात. म्हणून कोठारात काही शोधायचं असलं की दोन्हीकडचा मजकूर आधी माझ्या हातून जातो. मी सगळ्यांना धाकटं करतो, मग त्यांची ओळख पटते.

माझा जन्म नेमका कुठे झाला, हे मलाही सांगता येणार नाही. जगाच्या पाठीवर ठिकठिकाणी माणसं आपापल्या घरी बसून मला लिहीत होती. एकाने लिहायचं, दुसऱ्याने खोडायचं, तिसऱ्याने समजूत काढायची. चार घरच्या बायांनी मिळून एक गोधडी शिवावी तसा मी तयार झालो. सुरुवातीला मला फक्त इंग्रजी येत होतं. मग जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना घरनंबर द्यायची एक मोठी योजना आली, तिला युनिकोड म्हणतात. तुमच्या 'क'ला नंबर, 'ख'ला नंबर, एवढंच काय, कान्याला आणि वेलांटीलाही स्वतःचा नंबर. तेव्हा माझ्या हातात एक लांबलचक यादी आली. ग्रीक, रशियन, आर्मेनियन, ज्यांच्या ज्यांच्यात थोरलं-धाकटं असतं, त्या सगळ्या जोड्या तिच्यात नंबरवारीने मांडलेल्या.

एवढ्या मोठ्या यादीत अक्षर शोधायचं कसं? शब्दकोशात तुम्ही शोधता तसंच. मधोमध उघडायचं. हवा तो नंबर अलीकडे असेल तर अलीकडचा अर्धा भाग घ्यायचा, पुन्हा मधोमध उघडायचं. असं अर्ध्याचं अर्धं करत जायचं. दहा-अकरा वेळा उघडलं की अक्षर सापडतं, नाहीतर यादीत नाही हे नक्की होतं. तेव्हा या पद्धतीचं फार कौतुक झालं होतं. 'नीटनेटकं पोर आहे' अशा नजरेने सगळे माझ्याकडे पाहत. ते दिवस मला अजून आठवतात.

पुढे मी चंद्रपुरातल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटरमध्ये आलो. तिथे मुलांची नावं असायची, सगळी इंग्रजीत. इंग्रजी अक्षरांसाठी मला एक जवळची वाट करून दिलेली होती, त्यांच्यासाठी यादी उघडावीच लागत नसे. कामं भराभर व्हायची. निकालाच्या दिवसांत तर मला उसंत नसायची. पण 'शाबास' कोणी म्हटलं नाही. म्हणणार तरी कोणाला? आपलं नाव सापडलं याचा आनंद पोरांना असतो, ते शोधायला कोणी मदत केली, हे कोण विचारतं? मग नवे कॉम्प्युटर आले आणि आमच्या डब्यावर चादर टाकली गेली. किती उन्हाळे गेले कोण जाणे. पाली तेवढ्या फिरकायच्या.

एक दिवस चादर निघाली. सावलीच्या एका लहान संस्थेला तो जुना कॉम्प्युटर कोणी देऊन टाकला होता. त्याच्या पोटात बसून मीही सावलीला आलो.

मित्रांनो, इथून माझं खरं आयुष्य सुरू होतं.

सावलीच्या आसपास धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं, संपली की जंगल लागतं, आणि जंगलात वाघ आहेत. शाळेच्या वाटेवर पंजे दिसतात, बोडीवर, म्हणजे शेतालगतच्या लहान तळ्यावर, तो पाणी प्यायला येतो. मार्च-एप्रिलमध्ये मोह्याची फुलं पडायला लागली की झुंजूमुंजू व्हायच्या आत बाया टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. खाली वाकून फुलं वेचणारं माणूस वाघाला चार पायांचं वाटतं, असं जुने लोक सांगतात. म्हणून या संस्थेने एक सोय केली होती. ज्याला वाघ दिसेल त्याने फोनचं बटण दाबून बोलायचं. त्या बोलण्याची अक्षरं होऊन आमच्याकडे यायची. त्यात कोणत्या जागेचं नाव आहे ते पाहायचं, त्या जागी कोणकोणत्या घरची माणसं जातात ते कोठारात शोधायचं, आणि त्या घरांचे फोन वाजवायचे. सारी मांडणी धनराजभाऊंची. ते संस्थेचं काम पाहायचे, उत्साही माणूस, चहा फार पिणारे.

त्यांच्या हाताखाली ज्योत्स्ना होती. जवळच्या चिचटोला गावची सून. नागपूरला कॉम्प्युटर शिकलेली, आणि सतत घाबरलेली. तिचा नवरा भूपेश राजुऱ्याकडे कोळसा खाणीत कामाला होता, सुट्टीलाच घरी यायचा. घरी सासू मनकर्णाबाई आणि पाच वर्षांची उर्वशी. मोह्याच्या दिवसांत ज्योत्स्ना अंधारातच गाडी काढून संस्थेच्या खोलीवर यायची, कारण वाघाच्या खबरी पहाटेच येतात. आणि त्याच वेळी तिकडे मनकर्णाबाई टोपली डोक्यावर घेऊन, नातीचं बोट धरून मोह्याकडे निघालेल्या असायच्या.

"आई, तिले घरीच ठेवा ना," ज्योत्स्ना रोज फोनवर म्हणायची.

पलीकडून मनकर्णाबाईंचा आवाज साऱ्या खोलीत ऐकू यायचा. "घरी कोनापाशी ठिवू? पोट्टी एकटी ठिवू का मोहा चितळाले खाऊ देऊ? तू तुहं काम कर. आमी काय आजच जंगल पाहून राह्यलो का?"

ज्योत्स्ना फोन ठेवायची आणि पडद्याकडे बघत बसायची. पडद्यापलीकडे मी होतो. कोणाच्या तरी लेकराची काळजी माझ्या कामात येऊन बसली होती, आणि तिला माझं नावही ठाऊक नव्हतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुम्हाला गमतीची वाटेल. आमच्याकडच्या माणसांना थोडक्यात बोलता येत नाही. त्यात त्यांची चूक नाही, ती रीतच आहे. फोनमध्ये 'बोडीवर वाघ' एवढं म्हटलं तरी चाललं असतं. पण म्हशी चारणारा सुकलू म्हणायचा, "राम राम जी. मी सुकलू बोलून राह्यलो, चिचटोल्याचा, इतवारीचा लहान भाऊ. तुमचं बरं आहे ना? काल रातच्यानं आमची एक म्हैस घरी नाई आली, म्हनून मी पाह्याले गेल्तो..." वाघाचं तर जंगलात नावही घ्यायचं नाही, 'थो पट्टेवाला' म्हणायचं. आणि जागा यायची सगळ्यात शेवटी. मध्येच वनरक्षकांच्या खबरी इंग्रजीत यायच्या, कधी थोरल्या अक्षरांत, कधी धाकट्या. कोणत्या खबरीत कुठे इंग्रजी निघेल सांगता येत नसल्यामुळे धनराजभाऊंनी सगळाच मजकूर माझ्या हातून घालायचं ठरवलं होतं. संस्थेत नोंदणी करताना घरांनीही आपापली वाट अशीच ऐसपैस सांगितलेली. एक खबर आली की ती आणि त्या हजारो घरांची सगळी बोलणी मला पुन्हा चाळावी लागत.

मी चाळायचो. 'रा'मधला 'र' घेतला की यादी मधोमध उघडायचो, मग अर्ध्याचं अर्धं, अगदी शेवटपर्यंत. यादीत नाही. मग त्याचा काना घ्यायचो. पुन्हा मधोमध, पुन्हा शेवटपर्यंत. नाही. मग 'म'. नाही. 'राम राम'लाच माझा दम निघायचा. ज्या अक्षरांना थोरलं-धाकटं मुळातच नाही, त्यांचं थोरलेपण मी जीव तोडून शोधत होतो. कारण मला तसंच शिकवलेलं होतं. आणि तोवर धनराजभाऊंचा चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा.

एक दिवस सकाळी पत्रू खोलीत आला. हा बोडीत जाळं टाकून मासे धरणारा. खांद्यावर ओलं जाळं तसंच, खाली पाणी गळत होतं.

"कोन आहे जी इथी खबर पाठवनारं?"

"काय झालं, पत्रूभाऊ? बसा," धनराजभाऊ म्हणाले.

"बसतो कायले? बोडीच्या पारीवर, बांधावर, थो पट्टेवाला उभा, अन् गुडघाभर पान्यात मी उभा. त्यानं माह्याकडं पाह्यलं, म्यां त्याच्याकडं पाह्यलं. मंग म्यां मासे ठेवाचा गंज बडवला, बोंबललो, तवा थो उठून सावकाश गेला. थो गेला, म्यां बिडी पेटवली, अन् मंग माह्या कमरेचा फोन वाजला. 'सावधान!' बाप्पा! तुमची खबर वाघाच्या मांगं मांगं चालते का जी, त्याचे पंजे पाहत पाहत?"

धनराजभाऊंना हसू आलं. पत्रूही हसला, पण विझलेली बिडीच ओढत राहिला. ज्योत्स्ना हसली नाही.

"सुकलूभाऊनं खबर कवा देल्ली होती?" तिने विचारलं.

"थो तं म्हनते, म्यां कवाचीच देल्ली. तुमीच झोपून होत्या का?"

कोणी झोपलेलं नव्हतं. खबर आली होती आणि माझ्याकडे अडली होती. बोडीच्या वरच्या अंगालाच मनकर्णाबाईंचा मोहा होता. त्या दिवशी त्या दुसऱ्या झाडाकडे गेल्या, म्हणून निभावलं. ज्योत्स्नाने पत्रूला पाणी दिलं आणि स्वतःच पाण्याचा तांब्या हातात धरून उभी राहिली.

धनराजभाऊंनी उपाय काढला. "लोकं लय लांबन लावतेत. आपन खबर छाटून टाकू. काने-वेलांट्या, मोकळ्या जागा धरून सुरुवातीची तीस अक्षरं घ्यायची, बाकी सोडून द्यायचं. फटकन काम होते."

छाटलं. काम खरंच फटकन झालं, आणि दोन दिवसांत फजिती झाली. चिचटोल्याच्या गुणाबाईंनी नाल्याजवळ ताजे पंजे पाहिले आणि खबर दिली. खबरीत जागेचं नाव सापडलं नाही तर ती सगळ्याच घरांना जायची, अशी मांडणी होती. त्या सकाळी आसपासच्या साऱ्या गावांचे फोन वाजले आणि लोकांनी वाचलं, "राम राम जी बाई, मी गुणाबाई चिच". बस, एवढंच. लोकांनी उलटून गुणाबाईंना फोन केले. 'राम राम गुणाबाई, काय म्हनता?' नाल्याकडे गेलेली माणसं मात्र नाल्याकडेच गेली. त्यांचं नशीब, म्हणून परत आली.

दुपारी गुणाबाई खोलीच्या दारात. "अवो बाई, माहं अर्धं बोलनं कोनं खाल्लं?"

"गुणाबाई, पहिले जागा सांगत जा ना जी," धनराजभाऊ म्हणाले. "मंग बाकीचं बोला."

"पहिले जागा? मी कोन, कोनाची, हे सांगतल्याबगर जागा सांगू? मंग माह्यावर इस्वास कोन ठेवन? टवाळ पोट्टे बी खबरा देतेत, वाघ आला म्हनून. माहं नाव आयकलं का मानूस समजते, गुणाबाई लबाड बोलत नाई." मग त्या ज्योत्स्नाकडे वळल्या. "तू सांग बाई. तुह्या घरी पावना आला, अन् नाव न सांगता 'जेवाले वाढ' म्हने, तं वाढशील का?"

ज्योत्स्ना म्हणाली, "नाई वाढनार."

"मंग?"

 धनराजभाऊंनी गुणाबाईंसाठी चहा मागवला आणि छाटणी काढून टाकली.

त्या दिवसापासून ज्योत्स्नाने दुसरीच चौकशी सुरू केली. माणसं लांब बोलतात हे तिने मान्यच करून टाकलं. आता ती कॉम्प्युटरला विचारायला लागली, बाबा रे, तुझा वेळ जातो तरी कुठे? असं विचारायची सोय असते. कोण किती वेळ खातं ते कॉम्प्युटर दाखवतो. पडद्यावर नावं आली आणि सगळ्यात वर माझं नाव होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं नाव मोठ्याने वाचलं.

मला लिहिणाऱ्यांनी माझं सगळं अंतरंग जगासाठी उघडं ठेवलेलं आहे. कोणीही वाचावं. ज्योत्स्ना वाचत बसली. ओठ हलवत, एकेक ओळ. मी 'राम राम' कसा चाळतो ते तिने पायरीपायरीने पाहिलं, आणि अचानक उर्वशीला रागवावं तशी ती पडद्यावर रागावली.

"अरे वेड्या, सागाखाली मोहा हुडकून राह्यला का तू?"

धनराजभाऊंनी कप खाली ठेवला. "कोनाशी बोलतं, बाई?"

"याच्याशी." तिने पडद्यावर बोट टेकवलं. "पाहा ना भाऊ. मोह्याची फुलं मोह्याखालीच पडतेत. सागाखाली वाकून पाह्याची काई गरज नाई. मराठी अक्षरांत थोरलं-धाकटं नाईच, अन् हा एकेका कान्याखाली दहा दहा दा वाकून पाहते. सगळी सकाळ सागाखालीच जाते याची."

मित्रांनो, ती रागावली तरी मला बरं वाटलं. मी आळशी नाही, हे तिला कळलं होतं. मी नको त्या झाडाखाली वाकत होतो, इतकंच.

"पन तिथी हात घालू नको," धनराजभाऊ म्हणाले. "डेटाबेसच्या पोटातलं काम आहे थे. मोठमोठ्या लोकायनं लिवलेलं. आपल्या हातून काई मोडलं तं?"

"मलेबी भेव वाटते," ज्योत्स्ना म्हणाली. "पन तुमची पुरी मांडनी बदलाले हंगाम जाईन. हा तं एवढूसाच आहे."

तिने मला मोडलं नाही. माझ्याच शेजारी माझ्यासारखा एक नवा रचला. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीची एक गल्ली असते, आणि मराठीची सगळी अक्षरं एकाच गल्लीत राहतात. नव्याला तिने शिकवलं, अक्षर आलं की आधी त्याची गल्ली पाहायची. ज्या गल्लीत जोड्याच नाहीत, तिच्या तोंडाशीच थांबायचं आणि अक्षर जसंच्या तसं परत द्यायचं. यादी उघडायचीच नाही. ज्या गल्ल्यांत जोड्या आहेत, तिथेही अर्ध्याचं अर्धं करत बसायचं नाही. तिथे तिने नंबरवारीने कप्पे लावले. नंबर पाहायचा आणि थेट त्याच कप्प्यात हात घालायचा. मोठ्या गावच्या कोण्या हुशार माणसांनीही अशीच वाट काढली आहे, हे तिने नंतर वाचलं. तेव्हा तिला धीर आला.

मग ती तपासायला बसली, आणि इथे तिच्या घाबरटपणाचं मोल मला कळलं. चार खबरी चालवून 'झालं' म्हणायला ती तयार नव्हती. तिने जगातली सगळी अक्षरं, एकही न सोडता, जुन्याच्या हातून घातली आणि नव्याच्याही. दोघांची उत्तरं समोरासमोर ठेवली. सगळी जुळली, एक सोडून. एका दूरदेशच्या लिपीतलं एक थोरलं अक्षर नव्याने तसंच ठेवलं होतं. जोड्या नसलेल्या गल्लीचं कुंपण ओढताना शेजारच्या गल्लीतलं एक घर चुकून आत आलं होतं.

धनराजभाऊंनी वाकून पाहिलं. "हे कोन्या मुलखाचं आहे? आपल्या सावलीत कोन लिवते हे? जाऊ दे, बाई. हंगाम चालू आहे."

ज्योत्स्ना त्या अक्षराकडे बघत राहिली. तिला ते वाचताही येत नव्हतं. मग ती हळूच म्हणाली, "हे लिवनारी कोनी माय नसन का भाऊ, कुठीतरी? तिचं बी लेकरू कुठी गेलं असन."

 तिने कुंपण एका घराने मागे घेतलं, आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून तपासायला घेतलं. या वेळी सगळी जुळली.

"आता हंगाम संपल्यावर बसवू," धनराजभाऊ म्हणाले.

"हंगाम संपल्यावर खबर कोनाले पाह्यजे जी?"

त्यांनी डोकं खाजवलं. "बसव मंग. पन जुना फेकू नको. बाजूले ठिव."

मित्रांनो, तुम्ही विचाराल, मग आता तुमच्याशी बोलतोय तो कोण, जुना की नवा? घरात नव्या खोल्या काढल्या, दारं बदलली, तरी घर तेच असतं ना? तसा मी. काम तेच, नाव तेच, आणि आठवणीही त्याच.

आणि मग ती सकाळ आली.

ज्योत्स्ना नुकतीच खोलीत येऊन बसली होती. धनराजभाऊंनी चहाचं आधण ठेवलं होतं. पडद्यावर सुकलूची खबर उमटायला लागली. "राम राम जी. मी सुकलू बोलून राह्यलो, चिचटोल्याचा, इतवारीचा लहान भाऊ. चहा झाला का? आज मी म्हशी लवकर सोडल्या, कावून का ऊन लय तापते..." ज्योत्स्ना डोळे फाडून वाचत होती. ऊन झालं, म्हशी झाल्या, एका म्हशीचा पाय झाला. मग आलं, "...तं थे पट्टेवाली पिल्लाईसंग बसून आहे, मनकर्णाबाईच्या मोह्याखालतं."

ज्योत्स्ना ताडकन उठून उभी राहिली.

त्या शेवटच्या अक्षरानंतर मी धावलो. 'राम राम' गल्लीच्या तोंडावरून परत. सुकलू परत, इतवारी परत, सगळ्या म्हशी परत. हजारो घरांची हजारो बोलणी, कोणाची वाट, कोणाची पार, कोणाची बोडी, मी कोणाखालीही उगाच वाकलो नाही. वनरक्षकांची इंग्रजी अक्षरं तेवढी धाकटी केली. जागा जुळली, घरं जुळली, फोन वाजायला गेले. चुलीवरच्या आधणाला अजून बुडबुडाही आला नव्हता.

आता माझं काम संपलं होतं, आणि ज्योत्स्नाचं वाट पाहणं सुरू झालं. तिने सासूला फोन लावला. घंटी वाजली, वाजत राहिली, थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तसंच. चहा उकळून खाली सांडला, तो कोणी पाहिला नाही.

"येईन फोन," धनराजभाऊ म्हणाले. "वाट पाह्य."

ती गाडीची किल्ली हातात घेऊन दाराशी गेली आणि तिथूनच परत फिरली. आणखी कोणाची खबर आली तर? ती पडद्यासमोर उभीच राहिली. बाहेर उजाडलं होतं. रस्त्याने कोणाची तरी बैलबंडी गेली.

मग फोन वाजला. तो धनराजभाऊंनीच झडप घालून उचलला, आणि सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"हॅलो? हां. कोन? मी मनकर्णा बोलून राह्यली, चिचटोल्याहून. भूपेशची माय."

धनराजभाऊ घाईघाईने म्हणाले, "मनकर्णाबाई, पोरगी..."

ज्योत्स्नाने हात वर करून त्यांना थांबवलं. बोलू द्या, असं तिच्या हाताने म्हटलं. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

"आयकतं का? आमी आज जरा उशिरानं निंगलो. गुणाबाई बी संग होती. तिचा पाय मुरगळला परवा, म्हनून हळू हळू चालून राह्यलो. बांधी ओलांडली, बोडीची पार लागाचीच होती, अन् तुमचा फोन वाजला. गुणाबाईनं वाचून दाखवलं. माहं नाव त्याच्यात! माह्या मोह्याखालतं म्हने! मंग आमी मांगं फिरलो. तू फोन करून राह्यलीस, थे समजलं मले, पन उचलू कशी? डोक्स्यावर टोपलं, एका हातानं गुणाबाईले धरलं, अन् कडेवर हे तुही पोट्टी. चालाले तयार नाई. कंबर मोडली माही. आता गुणाबाईच्या ओट्यावर बसलो. घे, बोल हिच्यासंग."

फोनमध्ये खसखस झाली. मग एक बारीक आवाज आला. त्यानेही आधी आपलं नाव सांगितलं, आजीने शिकवलं होतं तसं.

"हॅलो. मी उर्वशी बोलून राह्यली. आई, आज मोहा नाई आनला. टोपलं खालीच आहे, एक फूल बी नाई."

ज्योत्स्ना खुर्चीत बसली. "असू दे, माय," ती म्हणाली. "खालीच असू दे."

मित्रांनो, त्यानंतर किती हंगाम आले-गेले. आमचा डबा आणखी जुना झाला आहे, पंखा कुरकुरतो. पण हंगाम सुरू व्हायच्या आधी ज्योत्स्ना एकदा बसते आणि जगातली सगळी अक्षरं माझ्या हातून घालून पाहते. त्या दूरदेशच्या अक्षराशी तिची नजर क्षणभर थांबते. बाजूला ठेवलेल्या जुन्यालाही ती विसरलेली नाही.

मी आता थकत चाललो आहे, म्हणून एकच सांगणं. तुमच्या घरी, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखे कितीतरी अदृश्य कामगार आहेत. ते हळू चालायला लागले की लोक माणसांवर चिडतात, 'लवकर बोला, थोडक्यात बोला' म्हणतात. तसं करू नका. एखादी म्हातारी आधी आपलं नाव सांगेल, मग गावाचं, मग म्हशीचं. तिला सांगू द्या. घाई करायचीच असेल तर ती आम्हाला लावा. आम्हाला उघडून पाहा, आम्ही उगाच कुठे वाकतोय ते शोधा, आणि दुरुस्त केल्यावर एकही अक्षर मागे राहिलं नाही ना, हे तपासून घ्या.

आज पहाटेही पहिली खबर आली आहे. "राम राम जी. मी सुकलू बोलून राह्यलो..." बोल, सुकलूभाऊ, सावकाश बोल. मी इथेच आहे.